हवापाण्याच्या गप्पा : ‘पिग्मॅलिअन’चा तिसरा अंक

बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलिअन’ हे नाटक उच्चारांविषयी आहे, असे आपण कॉलेजात असल्यापासून ऐकत आलो आहोत. फुले विकणारी एक गावंढळ पोरगी, तिला सहा महिन्यांत सरदारघराण्यातली बाई करून दाखवण्याची पैज मारणारा ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक आणि त्यांची झटापट, एवढे कथानक सांगितले की बहुतेक व्याख्याने संपतात. सीमाभागातल्या आपल्या लोकांना तर हे नाटक विशेष जवळचे वाटते. पुण्या-मुंबईत गेल्यावर दोन वाक्यांत ‘तुम्ही तिकडचे काय?’ हा प्रश्न ज्याने ऐकला नाही असा बेळगाव-निपाणीकडचा माणूस विरळा. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मंडळींचाही अनुभव याहून वेगळा नसावा. आपला हेल आपल्या आधी घरात शिरतो. त्यामुळे हेल सुधारला की दारे उघडतात, ही कल्पना आपल्याला एकाच वेळी आवडते आणि झोंबतेही.

पण नाटक पुन्हापुन्हा वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की, हे नाटक उच्चारांविषयी आहे त्याहून अधिक हवेविषयी आहे. हे मी थट्टेने म्हणत नाही. एलायझा किती पुढे आली हे मोजायचे असेल तर तिचे स्वर-व्यंजन तपासून भागत नाही; ती पावसापाण्याविषयी काय बोलते आणि कुणापुढे बोलते, ते पाहावे लागते. आणि हे मोजमाप शॉ यांनी ज्या जागी ठेवले आहे ती जागा म्हणजे तिसरा अंक. चहापाण्याची वेळ, चार पाहुणे, बसायला ऐसपैस बैठक आणि कुणालाही फारसे काही सांगायचे नाही. आपल्याकडे अशा प्रसंगाला समीक्षक ‘पाल्हाळ’ म्हणतात. हौशी मंडळी नाटक बसवताना कात्री लावायची झाली तर ती पहिल्यांदा इथे लावतात.

नाटकाची सुरुवात पावसाने होते. लंडनमधला कॉव्हेंट गार्डनचा बाजार, रात्रीचे सव्वाअकरा, उन्हाळ्यातली मुसळधार सर. सेंट पॉलच्या देवळाच्या ओसरीत माणसे आडोशाला उभी आहेत. (हे सेंट पॉल म्हणजे मोठे घुमटवाले नव्हे, हे बाजारातले, इनिगो जोन्स याने बांधलेले.) नाटकाहून परतणाऱ्या मायलेकी, त्यांच्यासाठी टॅक्सी शोधत भिजणारा मुलगा, हिंदुस्थानातून आलेला कर्नल पिकरिंग, फुलांची टोपली घेतलेली एलायझा आणि खांबाआड वहीत टिपणे घेणारा हिगिन्स. एरवी ही माणसे एका छपराखाली कधी आली नसती. पाऊस पडला म्हणून आली. इथे पाऊस हा बोलण्याचा विषय नाही, ती वस्तुस्थिती आहे. फुले चिखलात पडतात आणि नुकसान एकटीचे होते. पाऊस थांबताच सगळे आपापल्या वर्गात परततात. जाताना देवळाची घंटा ऐकून हिगिन्स खिशातली चिल्लर मूठभर तिच्या टोपलीत टाकतो. ही या नाटकातली पहिली भेट. ती कशी दिली आहे ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तिच्याकडे न बघता.

पुढे जाण्यापूर्वी इंग्रजांच्या हवेविषयी थोडे सांगितले पाहिजे. दोन इंग्रज भेटले की पहिले बोलणे हवेचे, हे निरीक्षण डॉ. जॉन्सन यांनी १७५८ साली ‘आयडलर’मध्ये नोंदवून ठेवले आहे, म्हणजे ही खोड अडीचशे वर्षांहून जुनी. तिचे एक कारण भूगोलात आहे. ब्रिटनची बेटे पश्चिमी वाऱ्यांच्या वाटेवर पडतात. अटलांटिकवरून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येतात आणि सकाळी ऊन, दुपारी भुरभुर, संध्याकाळी गारठा असा दिवस उलटतो. हवा सतत बदलते, पण बहुधा कुणाचा जीव घेत नाही. गप्पांना याहून सोयीचा विषय कोणता? त्यावर भांडण होत नाही, धर्म आडवा येत नाही, आणि उद्या तोच विषय पुन्हा नवा असतो. केट फॉक्स यांनी ‘वॉचिंग द इंग्लिश’ (२००४) या पुस्तकात याचे नियमच सांगितले आहेत. त्यातला मुख्य नियम असा की, समोरच्याने हवेविषयी काही म्हटले की आपण होकार द्यायचा. तो प्रश्न असला तरी त्याला माहिती नको असते, सोबत हवी असते.

दुसरी गोष्ट, हवामानाचा अंदाज. ब्रिटनचे हवामान खाते १८५४ साली रॉबर्ट फिट्झरॉय यांच्या हाताखाली सुरू झाले आणि १८६१ साली ‘टाइम्स’मध्ये त्यांचे जाहीर अंदाज छापून येऊ लागले. हेतू नाविकांचे प्राण वाचवण्याचा होता. त्यातून इंग्रजीत हवेची एक दुसरी भाषा तयार झाली. ही सरकारी, अचूक, आकड्यांची भाषा. म्हणजे एक हवा दिवाणखान्यात बोलायची आणि दुसरी वर्तमानपत्रात वाचायची. या दोहोंच्या फटीत शॉ यांनी एलायझाला उभे केले आहे.

आता तिसरा अंक. हिगिन्सच्या आईचा तो ‘घरी असण्याचा’ दिवस, म्हणजे अमुक वारी अमुक वेळी बाई घरी भेटतील आणि ओळखीच्यांनी यावे, असा ठरलेला रिवाज. घर चेल्सीला, टेम्स नदीच्या काठी. खोलीचे वर्णन शॉ यांनी इतके बारकाईने केले आहे की एखाद्याला वाटावे, हा लेखक आहे की लाकूडसामानाचा दलाल. पण ते वर्णन वाचून सोडून देण्यासारखे नाही. मिसेस हिगिन्स या विल्यम मॉरिस आणि बर्न-जोन्स यांच्या अभिरुचीत वाढलेल्या बाई. त्यांच्या खोलीत सामानाची गर्दी नाही, बारकीसारकी टेबले आणि शोभेच्या वस्तूंचा बाजार नाही. मधोमध पाठ नसलेली एक मोठी गादीची बैठक, जमिनीवर गालिचा, भिंतींना मॉरिसचे कागद, खिडक्यांना मॉरिसच्या छिटाचे पडदे, मोजकी तैलचित्रे. आणि बाईंचे स्वतःचे तरुणपणीचे एक चित्र. बस्स. त्या काळच्या लंडनमधल्या श्रीमंत घरांतून पाय ठेवायला जागा नसे. त्या पार्श्वभूमीवर ही मोकळी खोली म्हणजे एक मत आहे. या बाईला काय ठेवायचे यापेक्षा काय ठेवायचे नाही हे कळते. (छीट हा शब्द आपलाच बरे का. इंग्रजांनी इकडून कापड नेले आणि त्याबरोबर शब्दही. त्यांच्या ‘चिंट्झ’मध्ये आपली छीट किंवा चीट लपली आहे. चेल्सीच्या त्या उच्चभ्रू खिडकीला आपल्या बाजारपेठेतला शब्द टांगलेला आहे, याची मला नेहमी गंमत वाटते.)

या खोलीशी तीन माणसे तीन तऱ्हांनी वागतात. हिगिन्स आत आल्यापासून सामानावर आदळतो. शेगडीपुढच्या कठड्याला अडखळतो, लोखंडी चिमटे-सळया पाडतो, दिवाणावर इतक्या जोराने बसतो की तो मोडता मोडता वाचतो. ज्याला लंडनमधल्या माणसाचा उच्चार ऐकून त्याचा मोहल्ला सांगता येतो, त्याला खुर्ची कुठे आहे ते कळत नाही. त्याची आई त्याला सरळ सांगते की, माझ्या पाहुण्यांच्या वेळी तू येत जाऊ नकोस, तुला हलके बोलता येत नाही. आणि ते खरेच आहे. दुसरी माणसे आइन्सफर्ड हिल मायलेकी आणि मुलगा फ्रेडी. घराणे बरे, पैसा गेलेला. त्या या खोलीत सावधपणे बसतात, कारण अशी खोली आता त्यांना स्वतःला परवडत नाही. आणि तिसरी एलायझा. ती येते, बसते, सुंदर दिसते आणि कशालाही धडकत नाही. या कसोटीत ती प्राध्यापकाच्या पुढे आहे.

तिची स्वतःची खोली आपण पहिल्या अंकाच्या शेवटी, छापील प्रतीत, पाहिलेली असते. ओल आलेला भिंतीचा कागद, फुटलेल्या तावदानाला डकवलेला कागद, भाडे आठवड्याला चार शिलिंग, पेनी टाकली तर जळणारा गॅस. भिंतीवर एका लोकप्रिय नटाचे चित्र आणि स्त्रियांच्या पोशाखांचे एक फॅशनचे चित्र, दोन्ही वर्तमानपत्रातून कापलेली. खिडकीत एक पिंजरा टांगलेला आहे. त्यातला पक्षी केव्हाच मेला, पिंजरा आठवण म्हणून राहिला आहे. माझ्या मते सबंध नाटकातली ही सर्वांत सुंदर वस्तू. मिसेस हिगिन्सनी भिंतीवर तरुणपणीचे चित्र ठेवले, एलायझाने रिकामा पिंजरा ठेवला. वस्तू जपण्याची गरज दोघींची सारखीच आहे. एकीला तिचे दाम मोजता आले, एवढाच फरक. शॉ हा भावनेला भिणारा लेखक, म्हणून तो हे एका रंगसूचनेत सांगून पुढे सटकतो.

हिगिन्सने तिला बजावून आणले आहे की, दोनच विषयांवर बोलायचे, हवा आणि लोकांची प्रकृती. बैठकीत अवघडलेली शांतता पसरते तेव्हा यजमानीण बाई दयाबुद्धीने पाऊस येईल का, असे काहीसे विचारतात. या प्रश्नाला उत्तर नको आहे, हे तुम्हा-आम्हाला आता ठाऊक आहे. पण एलायझा उत्तर देते. बेटांच्या पश्चिमेकडचा कमी दाबाचा पट्टा हळूहळू पूर्वेकडे सरकेल, वायुभारात मोठा बदल संभवत नाही, असा सबंध अंदाज ती निर्दोष उच्चारांत म्हणून दाखवते. फ्रेडीला हसू आवरत नाही. ती मात्र गोंधळते. तिला वाटते, माझे काय चुकले? चुकले काहीच नाही. उच्चार बरोबर, व्याकरण बरोबर, बहुधा अंदाजही बरोबर. विनोदाचे मर्म इथेच आहे. ती इतकी बरोबर बोलली म्हणूनच परकी ठरली. आतल्या माणसाला चूक परवडते, बाहेरच्याला परवडत नाही. म्हणून बाहेरचा माणूस छापील बोलतो आणि छापील बोलण्यानेच पकडला जातो.

हे वाचताना मला आपल्याकडची उदाहरणे आठवल्यावाचून राहत नाहीत. आमच्या भागात कानडी शेजारी भेटला की ‘ऊट आतेन्री?’ म्हणून विचारतो, आपण मराठीत ‘जेवण झालं का?’ म्हणतो. नवी भाषा पुस्तकावरून शिकलेला एखादा बदली होऊन आलेला अधिकारी त्यावर भात, आमटी, दोन भाज्या असे सविस्तर सांगू लागला की ऐकणाऱ्याची जी स्थिती होते ती फ्रेडीची. भाषा येणे आणि भाषेत बसता येणे, यांत हे अंतर आहे.

पुढचा भाग अधिक धारदार आहे. मिसेस आइन्सफर्ड हिल म्हणतात की गारठा पडू नये, इन्फ्लुएंझा फार आहे. हवेवरून प्रकृतीवर. म्हणजे हिगिन्सने परवानगी दिलेला दुसरा विषय. एलायझा सुटते. तिची मावशी इन्फ्लुएंझाने गेली असे लोक म्हणतात. तिचा मात्र संशय की घरच्यांनीच तिला संपवले. आदल्या वर्षी घटसर्पातून उठलेली धडधाकट बाई इन्फ्लुएंझाने कशी मरेल? आणि तिची नवी गवताची टोपी, जी एलायझाला मिळायची होती, ती कुठे गेली? ज्याने टोपी लांबवली त्यानेच मावशीला मारले, हा तिचा तर्क. शब्द झोपडपट्टीतले आणि उच्चार राजवाड्यातले.

प्रेक्षक इथे हसतो. हसून झाल्यावर जरा थांबावे. काय सांगितले तिने? एका गरीब घरात एक म्हातारी मेली, तिची चौकशी झाली नाही आणि तिच्या मागे राहिलेली एकुलती एक देण्याजोगी वस्तू चोरीला गेली. ‘प्रकृती’ हा विषय मिसेस आइन्सफर्ड हिल यांच्या घरात दर वसंतात येणारी सर्दी-पडसे असतो. एलायझाच्या घरात तो मृत्यू असतो. हलके बोलण्यासाठी आयुष्य हलके असावे लागते. हिगिन्सने तिला स्वर दिले, पण बोलायला निरुपद्रवी आयुष्य तो कुठून देणार? हे शॉ यांनी भाषण न करता, एका टोपीवर सांगितले. एरवी भाषणाची संधी न सोडणाऱ्या या लेखकाने हा संयम दाखवला, म्हणून हा अंक मला त्यांच्या साऱ्या लेखनात वरच्या जागी ठेवावासा वाटतो.

जाताना एलायझा तो प्रसिद्ध असभ्य शब्द उच्चारते. १९१४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरात मिसेस पॅट्रिक कॅम्बेल यांच्या तोंडून तो आला तेव्हा खळबळ उडाली. (नाटक त्याआधी, १९१३ साली, व्हिएन्नात जर्मन भाषेत झाले होते, तिथे ही खळबळ होणे शक्य नव्हते.) त्या गोंगाटात क्लाराची गोष्ट मागे पडते. क्लारा म्हणजे त्या मायलेकींतली लेक. हिगिन्स तिला पटवतो की ही बोलण्याची नवी तऱ्हा आहे आणि ती बिचारी लगेच तोच शब्द वापरून बघते. एलायझा वर चढण्यासाठी बोली बदलते, क्लारा खाली घसरू नये म्हणून. दोघीही दुसऱ्याने दिलेले शब्द घालून हिंडतात. आणि क्लारा खोलीबाहेर पडल्यावर तिची आई हळूच कबूल करते की आम्ही फार गरीब आहोत. एका वाक्यात सगळे फर्निचर बदलते.

सामान आणि शब्द यांचे हे नाते इंग्रजांनी पुढे चक्क शास्त्र करून मांडले. ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने १९५४ साली उच्चवर्गीय आणि इतर इंग्रजी यांच्या खुणा सांगणारा निबंध लिहिला आणि नॅन्सी मिटफर्डने तो विषय उचलून लोकांत नेला. आरशाला कोणता शब्द, जेवणाच्या रुमालाला कोणता, यावरून माणसाची जात ठरते, असे ते प्रकरण. फॉक्सबाईंच्या मते तर बैठकीला ‘सोफा’ म्हणायचे की ‘सेटी’ यावर अजूनही इंग्रज एकमेकांना ओळखतात. आकाशवाणीवरही हाच झगडा झाला. बीबीसीने उच्चार ठरवण्यासाठी १९२६ साली समिती नेमली आणि १९३० पासून तिचे अध्यक्ष कोण? बर्नार्ड शॉ! हा माणूस डब्लिनचा. १८७६ साली लंडनला आला आणि आयरिश हेल त्याने जन्मभर सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विल्फ्रेड पिकल्स यांनी यॉर्कशायरच्या उच्चारांत बातम्या वाचल्या तर अनेक श्रोते नाराज झाले. बातम्या त्याच होत्या.

क्षुल्लक गप्पांत मोठी गोष्ट लपवण्याची ही रीत इंग्रजीत शॉ यांची एकट्याची नव्हे. जेन ऑस्टेनच्या ‘एमा’त मिस बेट्स नावाची एक गरीब, बडबडी कुमारिका आहे. कुणी सफरचंदे पाठवली, कुणी डुकराचे मांस, हिवाळ्यात बूट ओले झाले, असे तिचे न संपणारे बोलणे वाचक पाने उलटून टाळतात. पण त्या कादंबरीतल्या गुप्त वाङ्‌निश्चयाचे धागे नेमके त्या बडबडीत सांडलेले आहेत. आणि जेन फेअरफॅक्सला निनावी आलेला पियानो कुणाची भेट, यावर सारे गाव चर्चा करते ती कोडे सोडवण्यासाठी नव्हे, करमणुकीसाठी. ज्या घरात मांसाचा तुकडासुद्धा शेजाऱ्यांकडून येतो, त्या छोट्या घरात एवढा मोठा पियानो म्हणजे उपकार की ओझे, हे कुणी विचारत नाही.

हाच प्रश्न ‘पिग्मॅलिअन’मध्ये अंगठीच्या रूपाने येतो. चौथ्या अंकात पैज जिंकून घरी आल्यावर पुरुष एकमेकांचे अभिनंदन करतात. जिने पैज जिंकून दिली तिच्याशी कुणी बोलत नाही. मग ती विचारते की अंगावरचे कपडे माझे की तुमचे, आणि दागिने परत करते. ते भाड्याचे होते. एक अंगठी मात्र हिगिन्सने तिला ब्रायटनला घेऊन दिलेली. तीही ती परत देते, तेव्हा तो ती शेगडीत भिरकावतो. नंतर एकटी असताना ती राखेत हात घालून शोधते. पहिल्या अंकातली चिल्लर आणि ही अंगठी, दोन्ही फेकण्याचाच प्रकार. मूळ प्रयोगात हिगिन्सचे काम करणारे बीरबोम ट्री शेवटी एलायझाकडे फुलांचा गुच्छ फेकत आणि त्यावरून शॉ संतापले, ही हकीकत नाट्येतिहासात नमूद आहे. प्रेक्षकांना गुच्छ हवा होता. पण जो माणूस आयुष्यभर फक्त फेकतोच त्याच्याकडून तो आणखी एकदा फेकवण्यात प्रेम कसले?

आता पाचवा अंक. पुन्हा तीच चेल्सीची खोली, तोच मॉरिसचा पडदा. एलायझा रात्री घर सोडून मिसेस हिगिन्सकडे आली आहे. ती आत येते ती हातात शिवणाची छोटी टोपली घेऊन, अगदी घरच्यासारखी. हिगिन्सला ती प्रकृती विचारते, कर्नलला भेटून आनंद झाल्याचे सांगते आणि आज गारवा जरा जास्त असल्याचे सहज म्हणते. मग बसून शिवू लागते. बस्स, इतकेच. कमी दाबाचा पट्टा नाही, मावशी नाही. हवा आणि प्रकृती, तेच दोन विषय. हिगिन्स भडकतो, मीच शिकवलेला खेळ माझ्याशी खेळू नकोस म्हणून ओरडतो. पण हा खेळ त्याने शिकवलेला नाही. त्याला तो येतच नव्हता. त्याने उच्चार शिकवले. समोरच्याला काही न सांगता त्याला अंतरावर ठेवायचे आणि त्याच वेळी त्याचा मानही राखायचा, हे ती कर्नलकडून आणि म्हाताऱ्या बाईकडून शिकली. आपल्याला कर्नलने पहिल्याच दिवशी ‘मिस डूलिटल’ म्हटले तिथून आपले शिक्षण सुरू झाले, असे ती पुढे सांगतेच. पहिल्या अंकात जी हवा तिच्या फुलांवर कोसळली होती, तीच आता तिच्या हातातली वस्तू आहे. उंबऱ्याबाहेर कोण, आत कोण, हे इथे तीच ठरवते.

‘माय फेअर लेडी’ने (रंगभूमीवर १९५६, चित्रपट १९६४) या साऱ्याचे काय केले, ते गाणी गोड असूनही सांगितले पाहिजे. स्पेनमधल्या पावसाचे ते घोटवून घेण्याचे वाक्य शॉ यांच्या मूळ नाटकात नाही. ते १९३८ च्या चित्रपटातून आले आणि संगीतिकेत त्याचे गाणे झाले. म्हणजे पाऊस उरला तो एका स्वरापुरता. आणि चहाचा प्रसंग त्यांनी दिवाणखान्यातून उचलून ॲस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीवर नेला. डोळ्यांचे पारणे फिटते, पण धडकायला खुर्ची राहत नाही.

मराठीत पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ १९७५ साली रंगभूमीवर आणले. बालकवींच्या कवितेवरून नाव, भक्ती बर्वे यांची मंजुळा. गुजरातीत ‘संतू रंगीली’ झाले, सरिता जोशींनी गाजवले. बडोद्याच्या वाचकांना ते सांगायला नको. मराठी रूपांतराची मोठी कमाई अशी की, ‘ण’ आणि ‘न’, ‘श’ आणि ‘स’ यांवर आपण माणसाची शाळा नि जात तोलतो, ही उघडी जखम त्याने रंगमंचावर ठेवली. लंडनचा वर्ग मराठीत येताना बोलीचे रूप घेऊन आला आणि तो खराखुरा मराठी झाला. पण हवेची अडचण कोणत्याही मराठी रूपांतरकारापुढे उभी राहणारच. आपण ‘हवापाण्याच्या गप्पा’ म्हणतो खरे, पण आपल्याकडे हवा कधी हलका विषय नव्हतीच. ‘तुमच्याकडे पाऊस कसा आहे?’ असे खानापूरच्या भातकऱ्याला विचारले तर तो खरेच उत्तर देतो, आणि द्यायलाच हवे. रोपलावण त्यावर अवलंबून असते. आपल्या हलक्या गप्पा गाव कुठले, मूळचे कुठले, आडनाव काय, अमक्याचे कोण, यांवर चालतात. ऐकायला जिव्हाळ्याच्या, आणि पाच मिनिटांत माणसाचा सारा पत्ता काढणाऱ्या. इंग्रजांची हवा माणसाला झाकून घेते, आपल्या चौकश्या त्याला उघडे करतात. म्हणून मराठी मंजुळेला दिवाणखान्यात बसणे एलायझापेक्षा अवघड आहे. तिला पावसाचा आडोसासुद्धा नाही. ‘अपूर्वाई’ लिहिणाऱ्या पु.लं.ना इंग्रजांची ही बोलण्याची रीत चांगली ठाऊक होती. तिला मराठी प्रतिशब्द नाही हेही ठाऊक असणार.

मात्र पु.लं.नी याच प्रश्नाचे एक दुसरे उत्तर आधीच लिहून ठेवले होते आणि ते आपल्या भागातले आहे. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात त्यांनी काही काळ अध्यापन केले. त्या दिवसांतले स्नेही ‘गणगोत’मध्ये ‘रावसाहेब’ म्हणून अजरामर झाले. रावसाहेबांची मराठी कानडी वळणाची, शिव्यांची तर लयलूट. प्राध्यापक जहागीरदारांच्या वहीत त्या बोलीवर किती लाल रेघा पडल्या असत्या! आणि तिथे लेखक एकही रेघ मारत नाही. नाटक आणि गाणे यांवर जीव टाकणारा तो रसिक जसा बोलतो तसाच त्याला लेखात आणून बसवतो. एका हाताने उच्चार सुधारणारा प्राध्यापक रंगवला, दुसऱ्या हाताने हे. दोन्ही पुस्तके आपल्या घरात एकाच फळीवर असतात; ती एकमेकांशेजारी वाचल्याचे मात्र क्वचित दिसते.

माझ्या मनात कधीकधी येते, मंजुळेला पुण्याच्या दिवाणखान्याऐवजी बेळगावात रावसाहेबांकडे चहाला नेली असती तर? तिला एकही धडा लागला नसता. ज्या शब्दावर लंडन दचकले तसला एखादा शब्द रावसाहेबांनीच आधी उच्चारला असता, आणि मग ‘बस की’ म्हणून खुर्ची पुढे केली असती.